चिंगीचा डावा डोळा : एका डोळ्याने जगणाऱ्या कासवाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर ठाण्यातलं, चेंदणी कोळीवाड्याजवळच्या एका इमारतीतलं. आजी, मुलगा, सून आणि सातवीतला नातू. घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कासवांची नावं मात्र त्यांनी ठेवलेलीच आहेत: चिंगी आणि बंड्या.

दोन्ही कासवं लाल कानाची, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानात ते दहा रुपयांच्या नाण्याएवढं असताना विकलं जातं. मादी वाढली की पाठ 25 सेंटीमीटरच्या वर जाऊ शकते, आणि नीट सांभाळलं तर कासव 20-30 वर्षं जगतं. विकणारा हे सांगत नाही, घेणारा विचारत नाही.

चिंगी नऊ वर्षांची. घरात सुकट कायम असायची, म्हणून पहिली सात वर्षं तिला तीच घातली गेली. मग एका पावसाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या फुगून मिटल्या. सुकटीवर वाढलेल्या स्लायडरमध्ये हे नेहमी दिसतं. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळ्यांभोवतीच्या ग्रंथी सुजतात, आणि डोळे उघडत नाहीत म्हणून कासव खाणंही सोडतं. जनावरांच्या डॉक्टरांनी मोजून औषध दिलं (हे जीवनसत्त्व जास्त झालं तर कासवाची कातडी सोलवटते, म्हणून घरच्या घरी देऊ नये), आहारात गाजर, लाल भोपळा आणि कासवांचं तयार खाद्य आणलं. सूज उतरली. पण तेव्हापासून "चिंगीचे डोळे नाजूक" ही गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या मनात बसली होती. पुढे ती आम्हाला नडली.

बंड्या वर्षभरापूर्वी आला. चिंगी एकटी पडते म्हणून. स्लायडरला सोबत लागत नाही. एका टबात दोन कासवं म्हणजे एकाच घासावर दोन तोंडं. जूनमध्ये खाणं टाकताना दोघांची झटापट झाली आणि बंड्याचा चावा चिंगीच्या उजव्या डोळ्यावर बसला. बुबुळ फाटलं होतं. डॉक्टरांनी भूल देऊन डोळा काढला, टाके घातले. जखम छान भरली.

अडचण

प्रकरण माझ्याकडे आलं ते जखम भरल्यावर. मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि जखमेपेक्षा वागणुकीचा प्रश्न असला की हे डॉक्टर कधीकधी मला हाक मारतात.

तक्रारी तीन होत्या. चिंगी खात नव्हती. टबात ती सतत डावीकडे वळत गोल गोल फिरायची, कवचाची उजवी कड भिंतीला घासत. इतकी, की त्या कडेवरचा हिरवा रंग पुसट झाला होता. आणि तिसरं म्हणजे जी चिंगी नातवाच्या हातून गाजर घ्यायची, ती आता चावत होती. त्याच्या तर्जनीवर पट्टी होतीच.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आजी टबाशेजारच्या पाटावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते म्हणतात ना बाई. हिची तर नजरच गेली. हिला आता देवाच्या दारात सोडून येऊ." देवाच्या दारात म्हणजे कौपिनेश्वराजवळच्या मासुंदा तलावात. कासवी दूरवरून पाहते आणि त्या पाहण्यावर पिल्लं पोसली जातात, ही कल्पना संतवाङ्मयातून आपल्याकडे घरोघरी पोचलेली आहे. खरी कासवी अंडी पुरून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. पण त्या क्षणी ते सांगण्यात काही अर्थ नव्हता. आजींना त्या जनावराची कणव होती आणि त्यांच्या परीने त्या तिची सोयच बघत होत्या.

डोळे कुठे, तारा कुठे

पुढचे निर्णय कळायला हवेत तर कासवाला कसं दिसतं ते आधी सांगायला हवं.

आपले दोन्ही डोळे समोर आहेत. एक मिटला तरी समोरचं जवळजवळ सगळं दुसऱ्याला दिसतं. शिवाय आपल्या प्रत्येक डोळ्यातले साधारण अर्धे तंतू मेंदूच्या उजव्या बाजूला जातात आणि अर्धे डाव्या. म्हणून एक डोळा गेला तरी मेंदूच्या दोन्ही बाजूंना चित्र पोचत राहतं.

स्लायडरचे डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत, किंचित पुढे झुकलेले. उजवा डोळा उजवीकडचं जग बघतो, डावा डावीकडचं, आणि नाकासमोर थोडाच भाग दोघांच्या वाट्याला येतो. डोळ्यांमागच्या तारासुद्धा तशाच. दृष्टिनसेतले जवळजवळ सगळे तंतू ओलांडून विरुद्ध बाजूला जातात: उजव्या डोळ्याचे मेंदूच्या डाव्या अंगाला, डाव्याचे उजव्या अंगाला. त्याच बाजूला राहणारे तंतू अगदी थोडे. यातले बहुतेक पोचतात मध्यमेंदूच्या छताला, ज्याला टेक्टम म्हणतात. तिथे बाहेरच्या जगाचा नकाशा थरांमध्ये मांडलेला असतो. घास कुठे आहे, मान कुठे वळवायची, हे ठरवण्यात त्याचा वाटा मोठा.

म्हणजे उजवा डोळा गेल्यावर चिंगीचं उजवीकडचं अर्धं जग पुसलं गेलं आणि डाव्या टेक्टमला डोळ्याकडून येणारी खबर जवळपास बंद झाली. नातवाने मला विचारलं, "म्हणजे तिचा अर्धा मेंदू आता झोपला का?" प्रश्न फार चांगला होता. झोपला नाही. टेक्टमच्या खालच्या थरांत स्पर्शाच्याही खबरा येतात, आणि दोन्ही बाजूंचे टेक्टम एकमेकांशी जोडलेले असतात. कवचाची उजवी कड भिंतीला घासत फिरणं हा मला तरी त्याचाच पुरावा वाटला. न दिसणारी बाजू भिंतीला लावून ठेवायची आणि दिसणारी बाजू मोकळ्या पाण्याकडे. भिंत तरी अचानक अंगावर येत नाही.

समोरचे पर्याय

चार गोष्टी टेबलावर होत्या.

तलावात सोडणं मी पहिल्याच दिवशी नाकारलं. चिंगीसाठी तर नाकारलंच, पण तलावासाठीही. स्लायडर जगभरातल्या सर्वांत त्रासदायक उपऱ्या जातींमध्ये मोजला जातो. जिथे सुटतो तिथे ऊन खायच्या जागा आणि अन्न यांवर तिथल्या कासवांशी झगडतो. तळ्यांच्या या शहरात घरची कासवं लोकांनी आधीच पुष्कळ सोडलेली आहेत.

दुसरा पर्याय सुनेचा: ज्या दुकानातून आणली तिथे परत देणं. दुकानदाराने एका डोळ्याचं कासव घ्यायला नकार दिला आणि तो विषय तिथेच संपला. तिसरा डॉक्टरांनी जड मनाने काढला होता. डावा डोळाही जात असेल आणि ती खाणारच नसेल, तर तिला औषध देऊन शांतपणे कायमचं झोपवणं. चौथा म्हणजे तिच्या उरलेल्या नजरेप्रमाणे घर बदलणं.

तिसरा की चौथा, हे एका प्रश्नावर अडलं होतं. डाव्या डोळ्याला दिसतं का? जुन्या सुजेमुळे सगळ्यांना शंका होती. आणि गोल फिरण्याचं कारण डोळा नसून कान किंवा मेंदू असेल, तर घर बदलून काही उपयोग नव्हता.

पहिली तपासणी : डोळ्यातली काळी रेघ

कानाचं आधी. स्लायडरच्या डोळ्यात बाहुलीतून आडवी जाणारी एक काळी रेघ असते, पिवळसर-हिरव्या बुबुळावर काजळाची काडी ओढल्यासारखी. त्याच्या दृष्टिपटलावरही असाच एक आडवा पट्टा असतो, तिथे पेशी दाट असतात आणि नजर सर्वांत तीक्ष्ण असते. तो पट्टा क्षितिजाला धरून राहावा म्हणून कासव मान वर-खाली करतं तेव्हा डोळा खोबणीत उलट फिरतो. हे काम आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा करते.

चिंगीला दोन्ही हातांत धरून मी तिचं नाक हळूहळू वर केलं. कवच तिरकं झालं, डोकं तिरकं झालं, आणि ती काळी रेघ मात्र खिडकीच्या चौकटीशी समांतर राहिली. नातू नाक काचेला लावावं तसा जवळ येऊन बघत होता. नाक खाली केलं, तरी तसंच. कानाच्या पडद्यावर सूज नाही हे डॉक्टरांनी आधी पाहिलंच होतं. तोलाची यंत्रणा बरी दिसत होती.

दुसरी तपासणी : पट्ट्या, आणि माझी चूक

डोळ्याला दिसतं का हे पाहायची जुनी आणि सोपी युक्ती म्हणजे पट्ट्या फिरवणं. प्राण्याभोवती काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या सावकाश फिरल्या की डोळा त्यांच्यामागे हळूहळू सरकतो आणि मग झटक्यात मागे येतो. धावत्या लोकलमधून खांब बघणाऱ्या माणसाचे डोळे पाहा, तेच.

पांढऱ्या चार्टपेपरवर काळी चिकटपट्टी लावून मोठं नळकांडं केलं. मधे पालथं पातेलं, त्यावर चिंगी. नळकांड्याला एक भोक पाडून तिथून मोबाईलने डोळ्याचं चित्रीकरण. पहिल्यांदा मी फार जोरात फिरवलं आणि काहीच घडलं नाही. कासवाचा डोळा संथ गतीच्याच मागे जातो. मग एका फेरीला दीड मिनिट लागेल इतकं सावकाश फिरवलं.

वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पट्ट्या फिरवल्या की चिंगीचा डावा डोळा त्यांच्यामागे छान जात होता. उलट फिरवल्या की डोळा जवळजवळ जागचा हलत नव्हता. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

मी वहीत लिहिलं, "डावा डोळा अर्धवट." आणि घरच्यांनाही तसं सांगितलं. ते सांगायला नको होतं. आजींनी पदर डोळ्यांना लावला. मुलगा म्हणाला, "मॅडम, मग डॉक्टर म्हणतात तसं करू. तिचे हाल नकोत." पुढच्या शनिवारची वेळही ठरली.

त्या रात्री चित्रीकरण पुन्हा पाहताना मला जाग आली. पट्ट्या काट्यांच्या दिशेने फिरतात तेव्हा डाव्या डोळ्यासमोरून त्या मागून पुढे जातात, शेपटीकडून नाकाकडे. उलट दिशेत नाकाकडून शेपटीकडे. पट्ट्या सरकल्याची खबर घेणारं केंद्र मेंदूच्या बुडाशी असतं, आणि तिथेही तारा विरुद्ध बाजूच्याच डोळ्याच्या येतात. ज्यांचे डोळे बाजूंना आहेत अशा पुष्कळ प्राण्यांत, सशात, कबुतरात आणि कासवातही, एकेकट्या डोळ्याचा प्रतिसाद मागून पुढे येणाऱ्या हालचालीलाच ठळक असतो. त्याला कारण आहे. प्राणी पुढे चालतो तेव्हा बाजूचं जग सतत मागे सरकत असतं. डोळा त्याच्यामागे ओढला गेला तर चालणं कठीण होईल. दोन्ही डोळे शाबूत असले की उजवा एक दिशा सांभाळतो, डावा दुसरी, आणि बघणाऱ्याला सगळं सारखं वाटतं. मी एका डोळ्याच्या कासवाकडून दोन डोळ्यांचं उत्तर मागत होते.

हे मी वर्गात शिकवलेलं आहे. तरी पातेल्यावर बसलेलं कासव समोर असताना आठवलं नाही, कारण "चिंगीचे डोळे नाजूक" हे माझ्याही मनात आधीच शिरलं होतं.

खात्री करायला बंड्या होता. दुसऱ्या दिवशी त्याला पातेल्यावर ठेवलं. दोन्ही बाजूंना पट्ट्या असताना तो दोन्ही दिशांना प्रतिसाद देत होता. मग त्याच्या उजव्या बाजूला स्थिर कोरा कागद उभा केला, म्हणजे पट्ट्या फक्त डाव्या डोळ्याला दिसाव्यात. बंड्याचा धडधाकट डावा डोळा तंतोतंत चिंगीच्या डोळ्यासारखा वागला. एका दिशेला छान, दुसरीला जवळपास नाही. डॉक्टरांना फोन करून शनिवारची वेळ रद्द केली.

काय बदललं

डावा डोळा शाबूत आहे असं धरून मी टबाशेजारी दीड तास नुसती बसले. तेव्हा कळलं की घरातलं सगळं तिच्या उजव्या बाजूने होत होतं. ऊन खायच्या फळीवर ती नेहमी एकाच उतारावरून चढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. त्यामुळे खोली, माणसं, खाणं घेऊन येणारा हात, सगळं उजवीकडे. काळोखातून कुणी येतं आणि थेट नाकाशी उगवतं. तिने चावू नये तर काय करावं? पाण्यातसुद्धा नातू खाद्य वरून टाकायचा, ते तिच्या उजवीकडे पडून बुडायचं.

बंड्याचा टब त्याच दिवशी वेगळा केला. फळीचा उतार दुसऱ्या टोकाला लावला; आता चिंगी चढली की डावा डोळा खोलीकडे येतो. टबाच्या उजव्या बाजूचा वर आलेला दगड काढला.

खाण्यासाठी लाल रंग निवडला. स्लायडरच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या चार प्रकारच्या शंकू पेशी असतात, आपल्याकडे तीन. त्यांतली एक अतिनील प्रकाश टिपते. शिवाय या पेशींत लाल, नारिंगी, पिवळे तेलाचे थेंब गाळणीसारखे बसलेले असतात. लाल रंग त्यांना चांगला उमगतो. बरणीचं लाल झाकण काडीला लावून ते दूरवर, डाव्या बाजूला, पाण्याच्या पातळीला धरायचं. तीक्ष्ण नजरेचा आडवा पट्टा तिथेच लागतो. तिने मान वळवली की झाकणापाशी गाजराचा तुकडा. वरून काही टाकायचं नाही. पाण्यातल्या जिवाच्या अंगावर वरून येतो तो बगळा किंवा घार.

आणि उजवीकडून जायचंच असेल तर आधी कवचाच्या उजव्या कडेवर बोटाने दोनदा टकटक. डोळ्याची खबर थांबली असली तरी स्पर्शाची चालू होती.

टकटक करायचं आजींनी आपणहून घेतलं. "दार वाजवल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नये," म्हणाल्या, आणि नातवालाही तसंच लावलं.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी चिंगी झाकणाकडे वळली, पण घास घेतला नाही. सहाव्या दिवशी तिने तोंड मारलं ते तुकड्याच्या बोटभर अलीकडे. पहिले दोन आठवडे तिचा नेम असाच आखूड पडत होता. नाकासमोरचा जो थोडा भाग दोन्ही डोळ्यांत पडायचा, तिथे आता एकच डोळा उरला आहे, त्यामुळे अंतराचा अंदाज तिला नव्याने बसवावा लागला. तिने स्वतःच एक गोष्ट सुरू केली: घासाजवळ आल्यावर डोकं थोडं उजवीकडे वळवून डावा डोळा समोर आणायचा, क्षणभर थांबायचं, मग झडप. ही सवय आम्ही लावलेली नाही.

महिन्याभरात वजन पूर्ववत झालं. गोल फिरणं खूप कमी झालं, थांबलं मात्र नाही. घरात पाहुणे आले, आवाज वाढला की अजूनही ती भिंत धरते. चावली एकदाच, पाहुण्या मुलीने टकटक न करता उजवीकडून हात घातला तेव्हा. भीती वाटली की ती डोकं कवचात ओढून घेते. मग कवचाच्या कडांनी बाजूचं सगळं झाकलं जातं आणि समोरची एक फटच उरते. पूर्वी त्या फटीतून दोन डोळे बघायचे. आता ती डोकं बाहेर काढायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लावते, आणि घरचे तेवढा वेळ थांबतात.

तलावाचा विषय आजींनीच बंद केला.

आज पुन्हा करायचं झालं तर

पट्ट्यांचं नळकांडं आधी बंड्याभोवती फिरवीन, मग चिंगीभोवती. धडधाकट कासव एका डोळ्याने कसं वागतं हे पाहिल्याशिवाय आजारी कासवाबद्दल वहीत शब्द लिहिणार नाही, आणि लिहिला तरी घरच्यांना सांगण्यापूर्वी एक रात्र जाऊ देईन. शनिवारची वेळ ठरली होती हे अजून अंगावर येतं.

नुसतं बसून पाहण्याचा दीड तास मी सगळ्यात शेवटी दिला, तो पहिल्या भेटीत द्यायला हवा होता. कोण कुठून येतं, खाणं कुठे पडतं, दिवा कुठे आहे, एवढं कागदावर काढलं असतं तर तीनपैकी दोन तक्रारींचं कारण चाचणीशिवाय दिसलं असतं. डॉक्टरांशी बोलून आम्ही आता एक बदल केला आहे: डोळा काढलेलं कासव घरी जातानाच टबाचं चित्र काढून घेतो आणि फळी, दिवा, खाण्याची जागा उरलेल्या डोळ्याच्या बाजूला आणायला सांगतो.

आणखी एक गोष्ट मला सलते. बंड्याचा टब वेगळा करणं आणि फळीचा उतार बदलणं, दोन्ही एकाच दिवशी झालं. चिंगी खायला लागली ती डाव्या बाजूला खोली आली म्हणून, की जिने डोळा फोडला ती चोच शेजारून गेली म्हणून? आधी बंड्याला काढून आठवडाभर थांबले असते तर उत्तर मिळालं असतं. पण ती तेव्हा उपाशी होती, आणि आठवडाभर थांबायला मन धजलं नाही.